राहुल आणि पाण्याचे भांडे



गेल्या रविवारी आम्ही पाथर्डी तालुक्यातील एका वस्तीवर वंदनेसाठी गेलो होतो. वंदना आटोपते न आटोपते तोच शेजारच्या घरात सहा वर्षांच्या पोराच्या पाठीत धपाटे बसू लागले. साखरेच्या उरलेल्या पैशांच्या त्याने गोळ्या घेतल्या आणि घरी 'पैसे हरवले' म्हणून सांगितले. दुसऱ्या धपाट्यासरशी त्याने आणखी एक थाप मारली! मार चुकवायला मूल दुसरे काय करणार? (हात आम्हीही उचललेला आहे, उगाच साळसूदपणा नको.)

तथागतांनी लहानग्या राहुलला खोटे बोलण्याविषयी कसे समजावले, ते मज्झिम निकायात आहे. पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते त्याला दाखवले, ओतून टाकले, मग भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण असेच रिते, म्हणाले. पुढे विचारले, आरसा कशासाठी? पाहण्यासाठी. तसेच काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, यात आपल्याला वा दुसऱ्याला इजा होते का? झाली असेल तर उघड सांगून टाकावे. हा उपदेश उपासक-उपासिकांनीही ऐकावा, असे सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात कोरून ठेवले आहे.

शाळेतल्या छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. घरातल्या छडीचे काय?

त्या माउलीला आम्ही एवढेच म्हणालो, "ताई, त्याने खरे सांगितले की आधी 'बरे केलेस' म्हणा. मग पैशांचे बोला." पोराने खाली मान घालून खिशातल्या दोन गोळ्या काढून दिल्या.