उसनी पुण्याई

लिओनार्दो दा व्हिंचीने मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर ‘अंतिम भोजन’ हे चित्र १४९५ ते १४९८ च्या सुमारास रंगविले. २००५ साली मारिते व फ्रान्स्वा जिर्बो या फ्रेंच पेढीने आपल्या कपड्यांच्या जाहिरातीसाठी ते छायाचित्राच्या रूपाने पुन्हा मांडले. तेच लांब मेज, तीच बैठक, तेच हातवारे. मात्र ख्रिस्त व त्याचे शिष्य यांच्या जागी आधुनिक पोशाखातील तरुणी आणि उघड्या पाठीचा एकच पुरुष. मिलान शहराने या जाहिरातीस मज्जाव केला. पॅरिसच्या न्यायालयाने मार्च २००५ मध्ये ती उतरविण्याचा आदेश दिला व अपिलातही तो कायम राहिला. परंतु नोव्हेंबर २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो रद्द केला. चित्ररचनेचे विडंबन म्हणजे श्रद्धावंतांचा अवमान नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा निर्णय योग्यच होता. श्रद्धा दुखावली एवढ्या कारणावरून बंदी घालण्याची प्रथा पडली, तर तिला अंत राहणार नाही. तथापि धर्म आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांच्या वादात एक तिसरा प्रश्न झाकला गेला, आणि तो हिशेबाचा आहे.

अशा जाहिरातीचा खर्च कोण करतो? प्रतिरूपकांचे मानधन, नेपथ्य, प्रकाशयोजना, फलकाचे भाडे हे सारे पेढी देते. परंतु रस्त्याने जाणाऱ्याचे पाऊल ज्यामुळे थबकते ती ओळख तिने निर्माण केलेली नसते. ती पाच शतकांची कमाई असते. ऑगस्ट १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात त्या भोजनगृहाचे छप्पर कोसळले, पण वाळूच्या पोत्यांनी जपलेली चित्राची भिंत तगली. पुढे १९७८ पासून १९९९ पर्यंत तज्ज्ञांनी त्यावरील पुटे कणाकणाने दूर केली. शिवाय पिढ्यान् पिढ्या शिक्षकांनी ते चित्र मुलांना समजावून सांगितले. यांपैकी एकाही श्रमाची नोंद जाहिरातदाराच्या खतावणीत नसते. गावाने राखलेल्या कुरणात एकाने आपली गुरे चारावीत आणि राखणीचा वाटा मात्र देऊ नये, तसाच हा व्यवहार आहे.

पूर्वी हा व्यवहार निदान उघड तरी होता. जॉन मिले या इंग्रज चित्रकाराने १८८६ साली रंगविलेले, फुगे उडविणाऱ्या बालकाचे चित्र पिअर्स साबणाच्या पेढीने विकत घेतले आणि जाहिरातीसाठी त्यात साबणाची वडी घातली. त्यावर टीका झाली. पण पेढीने किंमत मोजली होती. आज जुन्या चित्रांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नसल्याने तीही मोजावी लागत नाही.

कलावंतही उसनवारी करतात, हा आक्षेप खरा आहे. माने याने १८६३ साली प्रदर्शित केलेल्या ‘गवतावरील भोजन’ या चित्रातील आकृतींची ठेवण राफाएलच्या रचनेवरून केलेल्या कोरीव चित्रातून घेतली होती. आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनी राजा रविवर्म्याच्या चित्रातील स्त्रीचे रूप स्वतः धारण करून छायाचित्रे घडविली. परंतु अशी उसनवारी मूळ कृतीला प्रश्न विचारते आणि प्रेक्षकाला तिच्याकडे परत पाठविते. जाहिरात त्याला दुकानाकडे पाठविते. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढून आपली चित्रे सामान्यांच्या घरी पोचविली, तीही विक्रीसाठीच. मात्र तेथे विक्रीची वस्तू चित्र हीच होती.

यावर उपाय बंदी नव्हे. नवा कर किंवा परवानाही नव्हे. सामायिक वारसा सर्वांना खुला राहिलाच पाहिजे. परंतु अशा प्रत्येक जाहिरातीवर मूळ चित्राचे व चित्रकाराचे नाव आणि ते कोठे आहे याचा उल्लेख असावा, हा नियम जाहिरात व्यवसायाने स्वतः होऊन पाळावा. त्याला खर्च जवळजवळ नाही. मिळकतीचा अल्पसा अंश त्या चित्राच्या जतनासाठी गेला, तर अधिक उत्तम.

उरलेले काम शाळांचे आहे. ज्या मुलाने मूळ चित्राची प्रतिकृती आधी पाहिली आहे, त्याला जाहिरातीतील चलाखी ओळखता येते आणि तिचा आनंदही घेता येतो. ज्याने जाहिरातच आधी पाहिली, त्याला पुढे मूळ चित्र भेटले तरी आठवण कपड्यांचीच होते. ही हानी कोणत्याही न्यायालयात मांडता येत नाही, म्हणूनच चित्रकलेचा तास वेळापत्रकातून वगळताना शाळाचालकांनी तिचा विचार करावयास हवा.