पडदा आला; कलाशिक्षक कुठे आहे?

भडगावच्या वर्गातील पडद्यावर आज रेम्ब्रांट उमटू शकतो. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्याच्या ‘नाइट वॉच’ची ७१७ अब्ज बिंदूंची प्रतिमा २०२२ साली सर्वांस खुली केली. शेजारच्या चाळीसगावी केकी मूस यांनी आपल्या निवासाला रेम्ब्रांटचेच नाव दिले होते. १९८९ साली निवर्तलेल्या त्या कलावंताला ही सोय स्वप्नवतच वाटली असती.

हे साधन वर्गात यावे, याविषयी आमचे दुमत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. अंधारातून उजेड कसा उमलतो, हे चित्रावर बोट ठेवून कोण दाखवणार? मुलाची पेन्सिल अडखळली, तर तिला वळण कोण लावणार? पडदा थोरांचे चित्र दाखवतो. मुलाने काढलेले चित्र तो पाहत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची सांगते की, सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर गेली, तरच कलेचा अंशकालीन निदेशक द्यावा. लहान गावांतील शाळा त्यामुळे आपोआपच वगळल्या जातात. आणि ‘चित्रे पडद्यावर आहेतच’ ही सबब तेथेच सर्वांत सोयीची ठरेल.

शंभराची ही अट शासनाने काढून टाकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर निदान चारपाच शाळांना मिळून एक कलाशिक्षक द्यावा. अजिंठा ज्यांच्या उंबरठ्यावर आहे, त्या खानदेशातील मुलांनी चित्रकलेचे केवळ प्रेक्षक होऊन राहावे, हे आम्हांस मान्य नाही.