शूरांच्या पाठीमागचे हात

इतिहासांतील युद्धांची वर्णनें वाचतांना सेनापतींचीं व आरमारी सरदारांचीं नांवें आपण तोंडपाठ करितों. परंतु त्यांच्या तोफांना दारू कोणी पुरविली, हा प्रश्न परीक्षेंत कोणी विचारीत नाहीं, म्हणून आपणही तो मनांत आणीत नाहीं. हा प्रघात सदोष आहे, असें माझें मत आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचें (१७७५-१७८३) उदाहरण त्यास पुरेसें आहे.

१७७५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बोस्टनच्या वेढ्यांत जॉर्ज वॉशिंग्टन यानें दारूची मोजदाद करविली, तेव्हां दर शिपायामागें जेमतेम नऊ बारांची दारू निघाली. त्याच महिन्यांत बर्म्युडा बेटावरील सरकारी कोठारांतून रात्रीं दारूचीं पिपें काढून अमेरिकन गलबतांवर चढविण्यांत आलीं. मार्च १७७६ मध्यें ईसेक हॉपकिन्स हा आरमार घेऊन बहामा बेटांतील नासाऊवर उतरला. तोफा हातीं लागल्या. परंतु तेथील गव्हर्नरानें बहुतेक दारू रातोरात अन्यत्र रवाना केली होती. धैर्याला तोटा नव्हता. तोटा होता तो पिपांचा.

तो भरून काढण्यास मुत्सद्द्यांइतकेच व्यापारीही उपयोगीं पडले. बोमार्शे या फ्रेंच नाटककारानें १७७६ सालीं एका बनावट नांवानें पेढी काढली. फ्रान्स व स्पेन या राज्यांनीं तीस गुप्तपणें प्रत्येकीं दहा लाख लिव्र दिले, आणि १७७७ सालीं तिचीं जहाजें युद्धसाहित्य घेऊन अमेरिकेस पोंचलीं. सिंट युस्टेशियस या चिमुकल्या डच बेटावरही दारूचा मोठा व्यापार चाले. इंग्रजांना त्याची इतकी चीड आली, कीं फेब्रुवारी १७८१ मध्यें रॉडनीनें तें बेट घेऊन लुटलें.

परंतु केवळ दारूनें जहाज चालत नाहीं. डोलकाठ्या, शिडें, दोर आणि फळ्यांच्या सांधींत भरावयाचें डांबर व राळ यांवांचून शंभर तोफांचें जहाजही लांकडांचा ढीगच होय. इंग्रज आरमारास थोर डोलकाठ्या न्यू इंग्लंडच्या पांढऱ्या पाइन वृक्षांपासून मिळत, आणि बरेंच डांबर कॅरोलिनांतून येई. युद्ध पेटतांच हा पुरवठा तुटला, आणि बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्याकडे अधिक आशेनें पाहावें लागलें. २९ ऑगस्ट १७८२ रोजीं 'रॉयल जॉर्ज' हें शंभर तोफांचें जहाज, शत्रूचा एकही गोळा न लागतां, स्पिटहेड येथें नांगरलेल्या जागींच बुडालें. शेंकडों माणसें मेलीं. चौकशी करणाऱ्या आरमारी न्यायसभेनें दोष कुजलेल्या लांकडास दिला.

कोणी म्हणेल, पुरवठा करणारे नफ्यासाठींच करितात. त्यांचा गौरव कशाला? आक्षेपांत तथ्य आहे. युस्टेशियसवर आपल्याच राजाच्या शत्रूंना माल विकणारे इंग्रज व्यापारीही होते. म्हणूनच माझें म्हणणें अंध गौरवाचें नाहीं, विचाराचें आहे. तोफेच्या दारूंत सुमारें तीन चतुर्थांश सोरा असतो, आणि त्या काळीं उत्तम सोरा आपल्या बिहार प्रांतांत होई. तेथील नुनिया लोक खारट माती धुऊन, पाणी आटवून तो काढीत. कंपनीचीं जहाजें तो विलायतेस नेत. ज्यांशीं त्यांचें कांहीं वैर नव्हतें अशा लोकांवर इंग्रजी तोफा झाडल्या गेल्या, त्यांत त्यांच्या घामाचाही अंश होता. पण त्यांस विचारलें कोणी?

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, आपणांपैकीं फार थोडे सेनापति होतील. बहुतेकांच्या वांट्यास कोठार, कारखाना, दुकान वा हिशेबाची वही येईल. पालकांनींही तीं कामें हलकीं लेखूं नयेत. मात्र तीं करितांना दोन प्रश्न विसरूं नयेत : आपल्या हातचा माल चोख आहे काय, आणि तो कोणत्या कामासाठीं चालला आहे? पहिल्याचें उत्तर चुकलें तर आपलेंच जहाज बुडतें. दुसऱ्याचें चुकलें तर ज्यानें आपलें कांहीं बिघडविलें नाहीं त्याचें घर जळतें.