सुखाचा जीव दुःखात

'सुखाचा जीव दुःखात घालू नकोस' हे वाक्य मराठी घरात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतेच. ऐकणारा मान डोलावतो आणि रविवारी पहाटे तीनचा गजर लावतो.

माणसाइतका विसंगत प्राणी दुसरा नाही. ऑफिसचा जिना चढताना त्याला दम लागतो आणि सुटीच्या दिवशी तो गड चढतो. तिथेही दम लागतोच, पण त्याचा तो फोटो काढून घेतो. गॅसचे सिलिंडर दोन दिवस उशिरा आले तर घर डोक्यावर घेणारा गृहस्थ रानात जाऊन तीन दगडांची चूल मांडतो, डोळ्यांत धूर घेतो, अर्धीकच्ची खिचडी खातो आणि 'ही चव घरच्या खिचडीला नाही' असे बायकोच्या तोंडावर सांगतो. हे दुसरे धाडस पहिल्यापेक्षा मोठे.

आमच्या बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर एक सद्गृहस्थ बसतात. संध्याकाळी कॅश जुळवताना सत्तावीस रुपयांचा फरक आला की त्यांचा रक्तदाब वाढतो. 'आकड्यांनी माझं आयुष्य खाल्लं हो!' असा आक्रोश ते करतात. हेच गृहस्थ जेवणाच्या सुटीत डबा एका बाजूला सारून सुडोकू सोडवतात. एक्याऐंशी घरे, आडवे जुळवा, उभे जुळवा, तिनातिनाच्या चौकोनात जुळवा. पगार नाही, ओव्हरटाइम नाही. मी एकदा सहानुभूतीने म्हणालो, 'उत्तर मागच्या पानावर आहे, बघून भरून टाका की!' त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना तिजोरीच्या किल्ल्याच मागितल्या होत्या.

आता माझे सांगतो. माझे घर दौंडला आणि नोकरी शिरूरला. मध्ये भीमा, अलीकडे ऊस, पलीकडे कांदा आणि सगळीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. जाऊनयेऊन शंभरेक किलोमीटर पडतात. कधी एसटी, कधी मोटारसायकल. म्हणजे आठवड्याला पाचशे किलोमीटर अंतर मी निमूटपणे कापतो. एके दिवशी शिरूरला चहाच्या टपरीवर रंगीत टोप्या घातलेले तीन सायकलवाले भेटले. चेहरे रापलेले, गुडघ्यांना पट्ट्या, पण नजरेत लग्न ठरल्यासारखा आनंद. चौकशी केली तेव्हा कळले, की या प्रकाराला 'ब्रेव्हे' म्हणतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत. फी आपण भरायची, वाटेत ठरलेल्या ठिकाणी हजेरी लावायची. कितीही लवकर पोचलात तरी पहिला नंबर मिळत नाही, कारण ही शर्यतच नव्हे. पदक हवे असेल तर त्याचे पैसे वेगळे! या पंथाची काशी फ्रान्समध्ये. पॅरिसहून ब्रेस्टला जायचे आणि परत पॅरिसला यायचे. १८९१ साली ही यात्रा शर्यत म्हणून सुरू झाली. आता चार वर्षांतून एकदा भरते. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर, मुदत नव्वद तास.

त्यांतल्या एकाने मला विचारले, 'काका, तुम्ही कुठून?'

'दौंडहून. रोज येतो.'

'रोज? सायकलवर?' तिघेही उठून उभे राहिले.

'नाही, एसटीने.'

तिघेही खाली बसले.

तेव्हापासून मी या प्रश्नावर विचार करतो आहे. एकच रस्ता, तेच खड्डे, तेच ऊन. त्यांचा तो पराक्रम आणि माझी ती रडकथा, असे का?

यावर सोयवादी मंडळींचे उत्तर तयार असते. सोयवादी म्हणजे ज्यांना जगातली कुठलीही खटपट दिसली की 'त्यापेक्षा सरळ...' असे म्हणायची खाज सुटते. 'त्यापेक्षा सरळ गाडीने का नाही जात?' 'त्यापेक्षा सरळ विकत का नाही आणत?' असा एक सोयवादी प्रत्येक कुटुंबात असतो आणि बहुधा तो बायकोच्या माहेरचा असतो. माझे स्पष्ट मत आहे, की या लोकांना छंद म्हणजे काय हे मुळातच कळलेले नाही. रायगडावर १९९६पासून रोपवे आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अधू माणसांना तो हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रोपवे शेजारून झुळकन वर जात असताना धडधाकट माणसे घाम पुसत हजारावर पायऱ्या चढतातच. त्यांना वर पोचायचे असते हे खरे, पण 'चढून' पोचायचे असते.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात बर्नार्ड सूट्स नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७८ साली एका अख्ख्या पुस्तकात हेच सांगितले. गरज नसलेले अडथळे आपखुशीने अंगावर घ्यायचे आणि ते ओलांडायची धडपड करायची, यालाच खेळ म्हणतात, असा त्यांचा एकूण मुद्दा. गोल्फचेच बघा. चेंडू भोकात टाकणे एवढेच काम. हातात घेऊन चालत गेलो आणि टाकला, झाले! पण मग लांब दांड्याच्या काठीने तो फटकावत, झुडपात हरवत, वाळूत रुतवत नेण्याची गंमत कुठे राहिली? सोयवाद्याला गोल्फ शिकवा, तो चेंडू खिशात घालून निघेल.

हे समजायला कॅनडापर्यंत जायचीही गरज नाही. दौंडहून रेल्वेचा एक फाटा बारामतीला जातो. त्या बारामतीत अठराव्या शतकात मोरोपंत राहत होते. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. आश्रयदाते बाबूजी नाईक, म्हणजे सरदार आणि सावकार. एकूण बँकिंगशी संबंध आमच्याइतकाच जवळचा. रामायण एकदा लिहिले असते तरी पंतांचे नाव झाले असते. पण त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगतात आणि त्यांतही नाना तऱ्हेच्या अटी घालून घेतलेल्या. त्यांतले एक 'निरोष्ठ रामायण'. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. 'म' नाही म्हणजे राम नाही! लक्ष्मण नाही, भरत नाही, बिभीषण नाही, कुंभकर्ण नाही. सीता चालते, दशरथ चालतो, पण ज्याच्यासाठी सगळे लिहायचे त्याचे नाव घ्यायचे नाही. इतकेच काय, शेवटी 'मोरोपंत' अशी सही करायचीही पंचाईत. पंतांवर ही सक्ती कोणी केली होती? नाईकांनी तसे काही कर्जाच्या अटीत लिहून घेतल्याचे ऐकिवात नाही. पंतांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायात बेडी घातली आणि वर नाचून दाखवले. त्या काळी सोयवादी असतीलच. 'पंत, त्यापेक्षा सरळ राम का नाही लिहीत?' असे कोणीतरी विचारलेही असेल.

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे प्रत्येक गोष्ट जमेला की खर्चाला, हे पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. लोकांची चूक नेमकी इथेच होते. छंदातले कष्ट ते खर्चाच्या बाजूला मांडतात आणि आनंद जमेला. मग खर्च कमी करून नफा वाढवायला निघतात. पण छंदात कष्ट हाच माल असतो. माल काढून घेतल्यावर दुकानात उरते काय? पाटी!

मला स्वतःला मोडी लिपीचा नाद आहे. आधी आडवी रेघ मारायची आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकवत जायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपले कागदपत्र या लिपीत लिहिले जात आणि ते वाचताना लिहिणाऱ्याला वाचकाबद्दल काही वैयक्तिक राग असावा असे वाटते. मी घरचा जमाखर्च मोडीत लिहितो. एका पानाला पाऊण तास लागतो. आमची ही म्हणाली, 'अहो, मोबाइलवर दोन मिनिटांत होतं की! मला वाचता येऊ नये म्हणूनच ना हे?' हा आरोप मी फेटाळला. परंतु हा फायदा माझ्या आधी लक्षात आला नव्हता.

मात्र या हौसेच्या कष्टांना चार अटी आहेत. आमच्या कर्जाच्या फॉर्मवर असतात तशा बारीक टायपात नव्हे, ठळक लिहितो. एक, अडचण आपली आपण निवडलेली असावी. दोन, नियम आधी माहीत असावेत आणि मध्येच बदलू नयेत. तीन, नको झाले की 'जातो घरी' म्हणून उठता यावे. चार, आपण घाम गाळला तर त्याची मजा आपल्याच खात्यावर जमा व्हावी. यांतली एक जरी अट मोडली तरी छंदाची वेठबिगार होते.

या अटी मी आमच्या शिरूर तालुक्याच्या सर्वांत लाडक्या छंदाला लावून पाहतो, तेव्हा मात्र थोडे आवाज खाली घेऊन बोलावे लागते. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैलगाडा हा विषय श्वासाइतका महत्त्वाचा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०१७ला राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. या काळात गाडामालकांनी जे सोसले ते मी काउंटरवरून पाहिले आहे. शर्यत बंद, तरी बैलाचा खुराक चालूच! स्वतः कोरा चहा पिऊन बैलाला दूध पाजणारी माणसे आहेत ही. मालकाची हौस चारही अटींत चोख बसते. पण घाटात जीव खाऊन धावतो कोण? बैल. त्याने ही अडचण निवडली का? 'जातो घरी' म्हणायची त्याला सोय आहे का? कायद्याने त्याच्यासाठी काही नियम घातले आहेत, ते काटेकोर पाळले जावेत एवढेच मी म्हणतो. ज्याचे कष्ट, त्याची हौस असावी. हे वाक्य शिरूरच्या एसटी स्टँडवर मोठ्याने म्हणायची माझी तयारी नाही, म्हणून इथे लिहिले.

बैलाचे मालक निदान त्याला जीव लावतात. खरा राग येतो तो 'चॅलेंज म्हणून घ्या' म्हणणाऱ्यांचा. तीन माणसांचे काम एकावर टाकायचे, संगणक दर अर्ध्या तासाने मान टाकणार, रांग दारापर्यंत आणि वरून कोणीतरी टाय लावून सांगणार, 'अडचणीतच माणूस घडतो. गिर्यारोहकांकडे बघा!' साहेब, गिर्यारोहकाला हिमालय मंगळवारी साडेदहाला टेबलावर आणून ठेवलेला नसतो. त्याच्या डोंगराची उंची चढायला लागल्यावर दर तिमाहीला वाढत नाही.

आणि टायवाल्यांना मी माफ करीन, पण त्या रांगेतल्या आजींचे काय करू? निराधार पेन्शनचे पैसे काढायला त्या येतात. यंत्रावर अंगठा ठेवायचा, यंत्राला रेषा पटल्या की पैसे. आजींनी चाळीस वर्षे कांदा काढला, ऊस खुरपला, भांडी घासली. रेषा राहिल्यात कुठे? त्या अंगठा पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात. मग तर्जनी. मग डावा हात. एकदा मला म्हणाल्या, 'सायेब, बोटं कामानं झिजली. आता काम केल्याचाच गुन्हा झाला जनू.' बरे, अशा वेळी पर्याय काय, हे आजींना आधी कोणी सांगितलेले नसते. निवड नाही, नियम ठाऊक नाहीत, उठून जायची सोय नाही. चारपैकी एकही अट नाही. या खेपा आणि कोणाच्या गडाच्या खेपा एकाच तोंडाने 'संघर्ष' म्हणून गौरवायच्या, याला आमच्या धंद्यात खोट्या नोंदी म्हणतात आणि त्याबद्दल सस्पेंड करतात.

तेव्हा सोयवाद्यांना माझे सांगणे एवढेच आहे. तुमचा उत्साह चांगला आहे, पत्ता चुकलेला आहे. सायकलवाल्याला सायकल चालवू द्या, सुडोकूवाल्याला उत्तर सांगू नका, गडावर जाणाऱ्याला घामाघूम होऊ द्या. ती माणसे सुखी आहेत, त्यांच्या दुःखाला हात लावू नका. सोय करायची एवढी हुक्की आली असेल तर काउंटरच्या या बाजूला या. 'त्यापेक्षा सरळ...' हे शब्द म्हणायची खरी जागा इथे आहे. त्यापेक्षा सरळ आजींच्या घरी जाऊन पैसे का नाही देत, असे एकदा कोणीतरी मोठ्याने विचारा. मी लगेच दुजोरा देईन.

आणि जमलेच तर दौंडहून शिरूरला एक थेट, वेळेवर सुटणारी गाडी बघा. पदक नसले तरी चालेल.