स्तनातील गाठ आणि एमआरआय

स्तनात गाठ लागली तरी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया संकोचाने गप्प राहतात. मॅमोग्राफीनंतर डॉक्टरांनी एमआरआय सुचवलाच, तर ‘या वयात आता कशाला?’ असा सूर निघतो. म्हणूनच ही तपासणी नेमके काय पाहते, हे जाणून घेणे हिताचे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या हायड्रोजन अणूंना रेडिओलहरींनी क्षणभर विचलित केले जाते. ते पूर्वस्थितीत परतताना जे संकेत देतात, त्यांतून चित्र तयार होते. कर्करोगग्रस्त ऊतींना या परतीस निरोगी ऊतींपेक्षा अधिक वेळ लागतो, असे रेमंड डमाडियन यांनी १९७१ साली उंदरांच्या ऊतींवरील प्रयोगांतून दाखवले. परंतु तेवढ्यावरून निदान होत नाही. म्हणून शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध दिले जाते. कर्करोगाची गाठ आपल्या पोषणासाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते. त्या झिरपणाऱ्या असल्याने तेथे औषध झपाट्याने भरते आणि पुष्कळदा लवकर ओसरते. निरोगी ऊतीत ते सहसा सावकाश पसरते.

याचा लाभ किती? नेदरलँड्समध्ये ५० ते ७५ वयाच्या, अतिशय दाट स्तन-ऊती असलेल्या स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन नियमित तपासण्यांच्या दरम्यान उद्भवणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण केवळ मॅमोग्राफी झालेल्या गटात दर हजारी ५ होते. ज्यांना एमआरआयही देऊ केला गेला, त्या गटात ते २.५ होते.

तथापि साध्या, निरुपद्रवी गाठीही या चित्रात उजळून दिसतात. त्यामुळे अहवालात ‘संशयास्पद’ हा शब्द आला म्हणून धीर सोडू नये. अंतिम निर्णय सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनेच, म्हणजे बायोप्सीनेच होतो. तसेच अहवाल निर्दोष असला, तरी हाताला लागणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी पेसमेकर, शरीरातील धातूच्या क्लिपा, मूत्रपिंडाचे विकार आणि औषधांची ॲलर्जी यांची माहिती आधीच द्यावी. तपासणीच्या वेळी साधारण अर्धा तास पालथे, निश्चल पडावे लागते. यंत्राचा आवाजही मोठा असतो. पाठ वा मान दुखत असल्यास तंत्रज्ञांना आधीच सांगावे.

वय हे तपासणी टाळण्याचे कारण नव्हे. वाढत्या वयाबरोबर या रोगाची शक्यता वाढते, म्हणून गाठ लागताच ती बोलून दाखवावी. घरच्यांनीही ते शांतपणे ऐकून घ्यावे आणि डॉक्टरांकडे सोबत जावे.