जवानाचा दावा आणि सरकारचा दगडी दरवाजा

भरतीच्या दिवशी सरकार जवानाची छाती मोजते, दात तपासते, डोळे पाहते, त्याला मैलभर धावावयास लावते आणि मग 'हा देह निकोप आहे' असा शिक्का मारून त्याला आपल्या पदरी घेते. पंधरा-वीस वर्षांनंतर तोच देह झिजून, मोडून, कधी गुडघ्याने तर कधी कानाने अधू होऊन परत येतो, तेव्हा मात्र तेच सरकार त्याला विचारते, 'हे दुखणे आमच्याच नोकरीत जडले, याला पुरावा काय?' या एका प्रश्नापाशी आमच्या हजारो माजी सैनिकांचे दावे अडून पडतात. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार सरकारला कायद्याने दिलेला नाही, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे. या परिसरात, चंदगड-गडहिंग्लजात, साताऱ्याच्या अपशिंग्यात, शिरोळच्या सैनिक टाकळीत फौजेची परंपरा नसलेली आळी शोधावी लागेल. परंतु शौर्याची परंपरा असलेल्या या गावांत हक्काची परंपरा मात्र रुजलेली नाही. पदके काचेच्या चौकटीत लागतात, वैद्यकीय कागद मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत कसर खात पडतात. 'सरकारकडे काय मागायचे?' असे म्हणणारा जवान मानी खरा. पण हक्काचे मागणे आणि भीक मागणे यांतील भेद न कळल्याने त्याच्या मानीपणाचा फायदा कचेरीलाच होतो.

कायदा काय म्हणतो ते पाहा. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतील १७३ व्या नियमाप्रमाणे, सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या व्याधीपायी ज्याला 'बोर्ड आउट' केले आणि ज्याचे अपंगत्व वीस टक्के वा अधिक ठरले, तो डिसॅबिलिटी पेन्शनला पात्र होतो. यातील 'बळावलेल्या' हा शब्द प्रत्येक जवानाने पाठ करावा. दुखणे फौजेतच जन्मले पाहिजे अशी अट नाही. हिमशिखरावरच्या थंडीने, वाळवंटातल्या उन्हाने, रात्रंदिवसाच्या पहाऱ्याने ते वाढले, एवढे पुरे आहे. पुढे १९८२ च्या पात्रता नियमांनी आणखी स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद केली गेली नाही, तिच्या बाबतीत जवान निकोप होता असेच गृहीत धरावयाचे. आपली पात्रता सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकावयाचे नाही. आणि रास्त शंका उरली तर तिचा फायदा त्यालाच द्यावयाचा. इतका उदार नियम आपल्या राज्यकारभारात क्वचितच सापडेल!

पण नियम उदार असून व्यवहार कृपण असला म्हणजे काय होते, हे धरमवीर सिंग यांच्या खटल्याने दाखवून दिले. सिग्नल दळाचा हा शिपाई १९८५ साली भरती झाला आणि अपस्माराच्या कारणाने १९९४ साली घरी पाठविला गेला. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व वीस टक्के ठरविले. पण ते सेवेमुळे नव्हे, असा शेरा मारून पेन्शन नाकारले. उच्च न्यायालयात एकदा बाजूने निकाल लागला, तो पुन्हा फिरला. अखेर जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, भरतीच्या कागदात व्याधीची नोंद नाही आणि ती तेव्हा का आढळली नाही याची कारणेही मंडळाने दिलेली नाहीत; तेव्हा ती सेवेतलीच मानली पाहिजे. नियम १९८२ चा, निकाल २०१३ चा, आणि मधली एकोणीस वर्षे एका शिपायाच्या आयुष्याची! या निकालात न्यायालयाने नवे काही निर्माण केले नाही. सरकारचाच नियम सरकारला वाचून दाखविला.

दुसरे उदाहरण टक्क्यांचे. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के असे अपंगत्वाच्या भागाचे प्रमाण आहे. म्हणजे वीस टक्के अपंगत्वाला केवळ सहा टक्के. पाचव्या वेतन आयोगानंतर वीस ते पन्नासच्या आतील अपंगत्व पन्नास धरावे, त्यावरचे पंचाहत्तर, त्याहूनही अधिक ते शंभर, असे ठरले. त्यायोगे सहाचे पंधरा होतात. परंतु हा लाभ बोर्ड आउट झालेल्यांनाच मिळेल, मुदत पुरी करून त्याच दुखण्यासह निवृत्त झालेल्यास नाही, अशी कचेरीने मेख मारून ठेवली. मोडका गुडघा घेऊन जो शेवटच्या दिवसापर्यंत कामावर उभा राहिला त्यालाच कमी, हा कोणता न्याय? डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मेख उपटली. तीही जवानाने कोर्टात जाऊनच!

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. रक्तदाबासारख्या घरोघरच्या दुखण्यावर काही लोक, विशेषतः वरच्या हुद्द्यावरचे, निवृत्तीच्या तोंडावर अपंगत्व पदरात पाडून घेतात. मग तिजोरीने किती सोसावे? सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नवे पात्रता नियम आणले आणि मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांसाठी 'इम्पेअरमेंट रिलीफ' असा निराळा प्रकार काढला, त्याच्या मुळाशी हीच शंका आहे. खोटे दावे होत असतील तर ते शोधावेत, दोषी असेल त्या वैद्यासह दावेदारालाही शासन करावे. आम्ही त्यांची वकिली करणार नाही. परंतु दहा लबाडांच्या संशयाने खऱ्या जखमीला दारात उभे करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ च्या आधी जे सेवेतून बाहेर पडले त्यांना जुनेच नियम लागू आहेत, हे कोणीही विसरू नये.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी सेवा व पेन्शनविषयक वाद कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अपंग जवानांविरुद्ध सरकारने अपिलांमागून अपिले करीत राहावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, हे त्या गोमंतकीय मंत्र्याने ओळखले होते. ती जाणीव दिल्लीच्या कचेऱ्यांत मुरली असती, तर आज हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती.

आमच्या भागातील जवानापुढे आणखी एक अडचण आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा. त्याच्या खंडपीठांच्या वाटणीत महाराष्ट्र मुंबईकडे आणि कर्नाटक कोचीकडे गेला. म्हणजे एकाच पलटणीत, एकाच खंदकात जखमी झालेल्या दोघांपैकी चंदगडचा मुंबईस जाणार आणि बेळगावचा कोचीस! कागद इंग्रजीत, जिल्ह्याची कचेरी कानडीत, दुःख मात्र मराठीत. अशा वेळी घटनेचे ३५० वे कलम ध्यानात असावे: गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मराठीतून अर्ज करणे हा गुन्हा नाही, आणि तो परत फेकण्याचा अधिकारही कोणाला नाही.

आता कर्तव्याचे बोलू. जो अद्याप सेवेत आहे त्याने प्रत्येक दुखापतीची नोंद त्याच वेळी करवून घ्यावी. दुखापतीचा अहवाल, इस्पितळातून सुटल्याचे कागद, नेमणुकीच्या ठिकाणांची यादी यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. निवृत्तीपूर्व मेडिकल बोर्डाच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. दुखणे कोठे, कोणत्या कामावर सुरू झाले ते आपल्या शब्दांत लिहावे. दावा नाकारला तर गप्प बसू नये. सहा महिन्यांच्या आत पहिले अपील, त्यानंतर दुसरे, आणि तेथेही नकार आला तर न्यायाधिकरण. बोर्डाचे कागद मिळाले नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली रेकॉर्ड ऑफिसकडे मागावेत. वकिलाला पैसे नसतील तर १९८७ च्या कायद्याने अपंग व्यक्तीस मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. आणि विलंब करू नये; २००८ साली तरसेम सिंग यांच्या खटल्यात हक्क मान्य होऊनही थकबाकी मात्र दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळाली. सोळा वर्षांच्या मौनाची ती किंमत होती.

हे सारे एकट्या जवानाने करावे अशी अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे. गावोगावच्या तरुण मंडळांनी, वकिलांनी, शिक्षकांनी महिन्यातून एक रविवार यासाठी द्यावा. दाराशी येणाऱ्याची वाट न पाहता आपणच दारोदार जावे, ट्रंका उघडवाव्यात, कागद वाचून द्यावेत, अर्ज लिहून द्यावेत. जवान गेला असेल तर त्याच्या पत्नीलाही विचारावे. ज्या दुखण्याने तो गेला ते सेवेतले असेल, तर विशेष कुटुंब पेन्शन हा तिचा हक्क आहे. स्मारकांवर फुले वाहण्यास आमची ना नाही; पण जिवंत जवानाचा अर्ज पडून असताना मेलेल्याच्या पुतळ्याला हार घालणारा समाज स्वतःचीच फसवणूक करीत असतो.

सरकारने आपलाच नियम पाळावा, एवढीच आमची मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत प्रत्येक गावातून अर्ज गेले पाहिजेत. एक परतला तर दोन गेले पाहिजेत. दगडी दरवाजा विनवण्यांनी उघडत नाही, तो ठोठवावाच लागतो.