३६ नावं आणि बिननावाच्या बाया

ध्रुपद म्हणजे मर्दानी गायकी, असं आपल्याला सांगितलं जातं. कुणी ठरवलं हे? १५९० च्या दशकात अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या ३६ कलावंतांची यादी दिली. तानसेन पहिला. सगळे पुरुष. माळव्याचा बाजबहादूर त्यात आहे. जिच्या गाण्याच्या कथा आजही सांगतात, ती रूपमती नाही.

पण त्याच ग्रंथात दुसरीकडे ढाढी बायांचा उल्लेख आहे. लग्नात, मूल जन्मल्यावर त्या डफ-ढोल वाजवून ध्रुपद गात. आधी फक्त बायकांपुढे, नंतर पुरुषांच्या मैफलीतही. फार छान गात, अशी साक्ष अबुल फजलच देतो. नाव मात्र एकीचंही देत नाही.

मैत्रिणींनो, दरबारात गायलं ते ‘शास्त्रीय’ आणि माजघरात गायलं ती ‘बायकांची गाणी’, ही वाटणी सुरांनी केलेली नाही. ज्यांच्या हाती बिदागी आणि लेखणी होती, त्यांनी ती केली.

तानसेनाचा धडा जरूर शिकवा. पण त्याच्या शेजारी डफ घेतलेल्या या बायांनाही जागा हवी. त्यांची नावं गेली. निदान ध्रुपदातला त्यांचा वाटा तरी त्यांच्या नावावर लावा!